भिक्षाविधी आणि गावकूस



सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी संन्यस्त साधकाला जो आचार विहित केला, त्यात अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि स्मरण यांना मुख्य स्थान आहे. त्यांपैकी भिक्षेचा विधी असा की, साधकाने चारही वर्णांच्या घरी भिक्षा करावी. घर निवडू नये, अन्न निवडू नये. या विधीचे प्रयोजन सांगताना सामान्यतः तीन कारणे दिली जातात. निवड सोडल्याने रसना जिंकली जाते. एका घरी वारंवार न गेल्याने त्या घराशी संबंध जडत नाही. आणि घासघास अनेक घरांतून घेतल्याने कोणाही दात्यावर भार पडत नाही. ही तिन्ही प्रयोजने यथार्थ आहेत. तथापि ती साधकाच्या व दात्याच्या व्यक्तिगत हिताची आहेत. ज्या गावात भिक्षुक झोळी घेऊन प्रवेश करतो, त्या गावाची रचना डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे याच विधीचे चौथे प्रयोजन प्रकट होते. त्याचा विचार प्रस्तुत निरूपणात करावयाचा आहे.

विचारासाठी बीड जिल्ह्यातील गावे घेतली आहेत. या जिल्ह्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. लीळाचरित्रात ज्या प्रदेशाला गंगातीर म्हटले आहे, त्याचाच हा भाग होय. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर हे श्रीदत्तात्रेयप्रभूंचे आत्मतीर्थ याच तीरावर आहे आणि देशोदेशीचे सद्भक्त तेथे नमस्काराला येतात. ज्या भूमीला एवढे पावित्र्य लाभले, त्या भूमीतील माणसे एकमेकांशी नित्य कशी वागत होती आणि आज कशी वागतात, हे पाहणे धर्मचिंतनाच्या बाहेरचे नव्हे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. राज्य निजामाचे असले, तरी गावाचा नित्य व्यवहार पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांच्याच परंपरेने चालत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ या ग्रंथात जे गाव वर्णिले, ते मुख्यत्वे इंग्रजी मुलखातील. पण त्याची घडण गोदाकाठच्या गावांहून फारशी निराळी नाही. सुतार औत भरी, लोहार फाळ शेवटी, चांभार मोट आणि जोडे शिवी, मांग दोर वळी, कुंभार मडकी देई, न्हावी, परीट, कोळी, गुरव, जोशी, मुलाणी आपापली कामे करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर येऊन धान्याच्या रूपाने बलुते घेऊन जात. पैशाचा व्यवहार अल्प होता. प्रत्येकाला प्रत्येकाची गरज होती. म्हणून वरवर पाहणाऱ्याला हे गाव एका कुटुंबासारखे भासे.

परंतु या कुटुंबाला एक भिंत होती. गावाला वेस होती, वेशीला कूस होते आणि कुसाच्या बाहेर, बहुधा पूर्वेच्या अंगाला, महारवाडा व मांगवाडा होता. वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून वाहतो. बाहेरच्या वस्तीवरून आलेला वारासुद्धा गावाला लागू नये, असा त्या दिशेचा अर्थ जाणते लोक सांगत. ज्यांच्याशिवाय गावाची सीमा कोणी दाखवू शकत नसे, सारा भरणाऱ्याला बोलावणे जात नसे, मेलेले जनावर हलत नसे, रात्रीचा पहारा होत नसे, ती माणसे गावाची होती. पण गावात नव्हती. मांगाने वळलेला दोर विहिरीत उतरे आणि त्याच विहिरीचे पाणी मांगाला मिळत नसे. बैलपोळ्याला त्याच्या हातचा कासरा बैलाच्या अंगावर शोभे. त्याच्या हाताचा स्पर्श मात्र माणसाच्या अंगाला चालत नसे. वस्तूला विटाळ नाही, श्रमाला विटाळ नाही, फक्त माणसाला विटाळ आहे, असा हा व्यवहार होता.

आता याच गावातील एका संध्याकाळचा विचार करावा. ज्याची पाळी असे तो येसकर घुंगराची काठी वाजवीत दारोदार फिरे आणि दिवसभराच्या कामाच्या मोबदल्यात भाकर मागे. घरधनीण उंबऱ्याच्या आतून उरलेली भाकर त्याच्या घोंगडीत वरून टाकी. तो ‘जोहार मायबाप’ म्हणून पुढे जाई. त्याच गावात, त्याच उंबऱ्यासमोर, दुपारी एखादा महानुभाव भिक्षुक झोळी घेऊन उभा राहिलेला असे. तीच घरधनीण त्याच चुलीवरची भाकर त्याच्या झोळीत घाली आणि हात जोडी. दोघांनाही अन्न मिळाले. एकाने दिवसभर गावाचे काम केले होते. तरी त्याचे मागणे हीन ठरले. दुसऱ्याने गावाचे कोणतेही काम केले नव्हते. तरी त्याचे मागणे वंद्य ठरले. हा भेद भाकरीत नव्हता, देण्यात नव्हता, घेणाऱ्याच्या गुणातही नव्हता. कारण घरधनिणीने दोघांपैकी कोणाचाही गुण पारखलेला नव्हता. तो भेद केवळ भिंतीच्या आतला आणि बाहेरचा एवढाच होता.

भिक्षुकाने ही गोष्ट ओळखली पाहिजे. त्याला मिळालेला मान हा त्याच्या वैराग्याला मिळाला आहे की तो भिंतीच्या आतल्या बाजूने आला म्हणून मिळाला आहे, हे त्याला कसे कळावे? ते कळण्याचा एकच उपाय आहे, आणि तो विधीतच सांगितला आहे: सर्वांच्या घरी जावे. ज्या झोळीत पाटलाच्या वाड्यातली पोळी आणि वेशीबाहेरच्या घरची कण्यांची भाकर एकत्र पडते, ती झोळी हीच सबंध गावातील एकमेव जागा होय की जेथे सर्व आळ्यांचे अन्न भेदावाचून एकमेकांना मिळते. हे या विधीचे चौथे प्रयोजन. गावाने जे तोडले, ते साधकाने दिवसातून एकदा आपल्या झोळीत जोडावे.

येथे कोणी शंका घेईल की, विधी चार वर्णांपुरता आहे. कुसाबाहेरची वस्ती चार वर्णांत मोजली जात नाही. तेव्हा भिक्षुक वेशीपाशी वळला, तर विधीचा भंग कसा होतो? ही शंका नवी नाही. इंग्रज अमदानीतील जातिवर्णनपर लेखनात पंथाविषयी अशी नोंद आढळते की, या मार्गात सर्व जातींना प्रवेश असे, परंतु अस्पृश्य मानलेल्या जातींना नसे. म्हणजे काही ठिकाणी, काही काळ, शब्दाची मोजणी करून भिक्षुक खरोखर वेशीपाशी वळत होते. गावाचा धाक मोठा होता. आधीच निंदेचा विषय झालेल्या पंथाला आणखी एक निंदा ओढवून घेणे अवघड होते, हेही खरे. पण धाकाने झालेले वर्तन हे विधीचे भाष्य होऊ शकत नाही.

समाधान असे की, आपल्या मार्गात सूत्राचा अर्थ केवळ पदांच्या गणतीने लावीत नाहीत. तो प्रकरणावरून लावतात. कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून, काय आचरून वचन निरूपिले, हे पाहूनच त्याची व्याप्ती ठरते. केशिराजबासांनी सूत्रे संकलित केली, ती म्हाइंभटांनी मिळविलेल्या लीळांतून केली. म्हणून सूत्र हे लीळेचे अपत्य होय आणि अपत्याचा अर्थ मातेला विचारूनच ठरवावा. तेव्हा लीळा काय सांगते ते पाहू.

लीळाचरित्रात मातंगाने आणलेल्या लाडवांचा प्रसंग आहे. सर्वज्ञांनी ते लाडू स्वीकारले, त्यांचा प्रसाद केला आणि तो भक्तजनांना दिला. स्वामींच्या सन्निधानी असलेले भक्त बहुतांशी ब्राह्मण कुळांतून आलेले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. मातंगाने दिलेले अन्न स्वतः स्वीकारून स्वामी थांबले असते, तर ते ईश्वराचे स्वातंत्र्य म्हणून बाजूला ठेवता आले असते; ईश्वराला कशाचा विटाळ, असे म्हणून भक्त मोकळे झाले असते. परंतु स्वामींनी ते भक्तांच्या हातावर ठेवले. म्हणजे ही लीळा ईश्वराचे सामर्थ्य दाखविण्यासाठी नाही, साधकाचा आचार घडविण्यासाठी आहे. त्याचप्रमाणे एका चर्मकाराला स्वामींच्या सन्निधानाने स्थिती झाल्याचे लीळेत सांगितले आहे. स्थिती ही जीवाला होते. ती होताना त्याच्या हातातील आरी कोणी पाहिली नाही.

श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रातील विहिरीचा प्रसंग तर सर्वांना परिचित आहे. ऋद्धिपूर येथील महार-मांगांनी प्रभूंना विनविले की, पाण्यावाचून प्राण जातात. इतर लोक पाणी देत नाहीत. प्रभूंनी त्यांच्यासाठी जागा दाखविली, तेथे खणल्यावर पाणी लागले. येथेही एक शंका उद्भवते. प्रभूंनी त्यांना वेगळी विहीर दिली. त्या अर्थी वेगळेपणा प्रभूंनाही मान्य होता काय? तसे नव्हे. याच चरित्रात प्रभू महार-मांगांच्या घरांत जातात, तसेच ब्राह्मणांच्या घरांत जातात आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी त्याबद्दल तक्रार करतात, असे प्रसंग आहेत. जे सर्व घरांत सारखे फिरले, त्यांना घरांचा भेद मान्य होता असे म्हणता येत नाही. मग वेगळी विहीर का? कारण तहान थांबत नाही. गावाचे मन पालटेल तेव्हा पाणी मिळेल, असे तहानलेल्याला सांगणे हीदेखील हिंसाच होय. म्हणून प्रभूंनी पाणी त्याच क्षणी दिले आणि भेद मोडण्याचे काम आपल्या नित्य संचाराने चालू ठेवले. या एका प्रसंगात दोन कर्तव्ये आहेत: दुःख आता निवारणे आणि दुःखाचे मूळ सतत खणीत राहणे. एक केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

लीळेवरून आचार निश्चित झाला. आता त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व पाहू. ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ सांगितले आहेत. जात कोणत्या पदार्थाचा धर्म आहे? परमेश्वराचा नव्हे, हे निर्विवाद. जीवाचाही नव्हे, कारण जीव अनादी अविद्येने बद्ध आहे, हे सर्व जीवांना सारखेच लागू आहे, बंधनात कोणी उच्च नाही, मोक्षाच्या योग्यतेत कोणी नीच नाही. उरला प्रपंच. देह प्रपंचाचा, परंतु देहाचे घटकही सर्वांचे तेच आहेत. भूक, तहान, थंडी, व्याधी, जरा, मरण यांनी कधी आडनाव विचारले नाही. तेव्हा जात ही देहाचीदेखील नव्हे. ती माणसांनी एकमेकांशी ठेवलेल्या व्यवहाराची आहे. जे व्यवहाराने उत्पन्न झाले, ते व्यवहारानेच टिकते आणि व्यवहारानेच जाते. केवळ तत्त्व जाणल्याने ते जात नाही. ‘सर्व जीव समान’ हे वाक्य पाठ असलेला मनुष्य जर घरी वेगळी कपबशी ठेवीत असेल, तर त्याचे ज्ञान जीवापर्यंत पोचले आहे, पण कपबशीपर्यंत पोचलेले नाही.

हा व्यवहार माणूस शिकतो कोठे? वेशीवर नव्हे, घरात शिकतो. मराठी भाषेत ‘विटाळ’ हा एकच शब्द दोन ठिकाणी योजिला जातो: महिन्यातून चार दिवस बाजूला बसणाऱ्या स्त्रीविषयी आणि कुसाबाहेरच्या माणसाविषयी. लहान मूल प्रथम आपल्या आईला दूर बसलेली पाहते. तिला शिवू नये, तिचे भांडे वेगळे, तिला पाणी वरून घालावे, हे ते निमूटपणे शिकते. ज्या हातांनी त्याला भरविले, तेच हात चार दिवस अस्पृश्य होऊ शकतात, एवढे एकदा मनाने पत्करले की, परक्याचे हात बारा महिने अस्पृश्य मानणे त्याला जड जात नाही. म्हणूनच सर्वज्ञांनी उमाइसांच्या प्रसंगी या विटाळाच्या कल्पनेचेच निराकरण केले. देहाच्या नवद्वारांतून जसे इतर मल वाहतात, तसाच हाही देहाचा एक धर्म आहे; त्यात पातक नाही, असा त्या निरूपणाचा आशय आहे. तेराव्या शतकात केलेले हे निरूपण आजही किती घरांत आचरणात आले आहे, याचा शोध प्रत्येक वासनिकाने स्वतःच्या घरापासून घ्यावा. माजघरातील विटाळ राहू देऊन वेशीवरील विटाळ काढू पाहणे म्हणजे मूळ राखून फांदी छाटणे होय.

आणखी एक शंका विद्वानांकडूनही घेतली जाते. जन्म हा पूर्वकर्माचे फळ आहे. ज्याला हीन मानलेल्या कुळात देह मिळाला, तो आपले कर्म भोगीत आहे. त्या भोगात दुसऱ्याने हात का घालावा? समाधान असे: कर्मफळाने देह मिळतो, हे खरे, पण विहिरीवरची मनाई कर्मफळाने मिळत नाही, ती मनाई करणारा मनुष्य करतो. ते त्याचे नवे कर्म होय आणि त्याचा कर्ता तोच आहे. भोगणाऱ्याच्या जुन्या कर्माचा हिशेब परमेश्वराजवळ आहे. त्या हिशेबाचा कारकून म्हणून गावातील कोणाचीही नेमणूक झालेली नाही. शिवाय व्याधी हेही कर्मफळ आहे. म्हणून कोणी आपल्या मुलाचे औषध बंद करीत नाही. जो न्याय स्वतःच्या घरी चालत नाही, तो दुसऱ्याच्या तहानेला लावणे हा तर्क नव्हे, निर्दयपणा होय. पाण्यातील सूक्ष्म जीव मरू नयेत म्हणून जो पाणी गाळून पितो, त्याने त्याच पाण्यावाचून माणूस तळमळताना पाहून स्वस्थ बसावे, ही अहिंसेची कोणती पायरी?

पाण्याचा प्रश्न ऋद्धिपूरच्या विहिरीने संपला नाही. सहा शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यावयास जाऊन तोच प्रश्न पुन्हा मांडावा लागला. त्यांच्याच उपदेशाने महार समाजाने मेलेली जनावरे ओढणे आणि घरोघरची शिळी भाकर मागणे टाकले. आणि त्या स्वाभिमानाची किंमत म्हणून गावोगाव बहिष्कार सोसला. १९५० साली राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले आणि १९५५ साली ती पाळणे हा दंडनीय अपराध ठरला. तरीही १९७२ च्या सुमारास डॉ. बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन महाराष्ट्रातील गावोगाव हिंडले, तेव्हा पाणवठे वेगळेच असल्याचे त्यांना ठिकठिकाणी दिसले.

तो काळ मराठवाड्यात मोठ्या दुष्काळाचा होता. १९७२-७३ मध्ये बीड जिल्ह्यातील सर्व थरांतील माणसे दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडताना पाटलाच्या घरचा मुलगा आणि मांगवाड्यातील म्हातारी यांच्या हातांत सारखाच हातोडा होता; सुकडी मिळे ती सारखीच. प्रपंचाने सर्वांना एका रांगेत बसवून दाखविले की, बलुत्याची आणि वतनाची उंची किती तात्पुरती आहे. परंतु पाऊस पडला, माणसे गावी परतली आणि आळ्या पुन्हा पूर्वीसारख्या वेगळ्या झाल्या. पुढे २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी एका रांगेत खडी फोडली, त्यांच्यातच हे घडले. दुःख सोसल्याने जीवाला ज्ञान होतेच असे नाही. दुःखातून जे दिसले, ते आचारात बांधून ठेवले नाही, तर ते पावसाबरोबर वाहून जाते. १९९४ च्या १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. दरम्यानची सोळा वर्षे हे मराठवाड्याच्या मनाला लागलेले लांबलचक सुतक होते.

आज गावकूस ढासळले आहे. बलुते गेले, येसकराची काठी गेली, नळ घरोघर आले. म्हणून जात गेली असे कोणी समजू नये. तिने जागा बदलली आहे. पूर्वी ती विहिरीवर बसत असे. आता ती स्मशानभूमीच्या वाटेवर, लग्नाच्या बैठकीत, निवडणुकीच्या यादीत आणि हातातल्या भ्रमणध्वनीत बसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो; तेथे माणसाचे नाव कोयता, घराचे नाव कोपी. पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईला मुकादम जात पाहून कमी ओझे देत नाही. अशा रीतीने सहा महिने एकाच दुःखात राहिलेली माणसे उन्हाळ्यात गावी येतात आणि आपापल्या जातीच्या झेंड्याखाली उभी केली जातात. २०२३ पासून या जिल्ह्याने जे पाहिले, ते सर्वांना ठाऊक आहे: आरक्षणाच्या वादात झालेली जाळपोळ, पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेल्या समाजांत पडलेला अविश्वास, आणि अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नये अशी भाषा. २०२५ साली तर जिल्ह्याच्या पोलीस दलात आडनावे वगळून केवळ पहिल्या नावाने परस्परांना संबोधावे आणि नामपट्ट्याही तशाच असाव्यात, असा निर्णय घ्यावा लागला. कारण आडनाव वाचताच जात वाचली जाते आणि जात वाचताच न्यायाविषयी शंका उत्पन्न होते.

या शेवटच्या गोष्टीवर साधकाने क्षणभर थांबावे. दीक्षा घेताना भिक्षुक पूर्वाश्रमीचे घर, कुळ व आडनाव सोडतो आणि गुरुकुळाच्या नावाने ओळखला जातो. जे प्रशासनाला २०२५ साली आज्ञा काढून करावे लागले, ते या मार्गात शतकानुशतके विधी म्हणून चालत आले आहे. परंतु याचा अभिमान धरण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे: नाव सुटले, पण नावामागची ओळख सुटली काय? नवा भिक्षुक आश्रमात आला असता त्याच्या पूर्वाश्रमाची चौकशी हळूच होत असेल, तर आडनाव पाटीवरून गेले, कानातून गेलेले नाही. मठाच्या पंक्तीत सर्व जण एकत्र बसतात, हे खरे आणि स्तुत्य आहे. पण पंक्ती ही वर्षातून काही दिवस असते. गाव मात्र नित्य असते. यात्रेत जो शेजारी बसून प्रसाद घेतो, त्याला गावी परतल्यावर ओटीवर बसवितात की अंगणात, यावरच त्या प्रसादाची परीक्षा होते.

संन्यस्ताचा विधी सांगितला. गृहस्थ वासनिकाने काय करावे? त्याला झोळी नाही. पण त्याला उंबरा आहे, पाणवठा आहे, शेत आहे, मुलेबाळे आहेत. त्याच्यासाठी या आचाराची पाच स्थाने आहेत. पहिले स्थान माजघर: घरातील स्त्रीला विटाळाच्या नावाने दूर बसवू नये. दुसरे स्थान पाणी: टँकर आला असो वा नळ, पाण्याची पाळी जातीच्या आळीप्रमाणे लागत असेल, तर त्या व्यवस्थेत आपला हंडा पुढे सरकवू नये. तिसरे स्थान अन्न: मजुरासाठी, सालगड्यासाठी वेगळे भांडे असेल, तर ते आजच मोडीत काढावे आणि जेथे आपण जेवतो, तेथे त्याला जेवू घालावे. चौथे स्थान मरण: ज्याची प्रेतयात्रा गावातून नेण्यास अथवा ज्याला सामाईक भूमीत जागा देण्यास कोणी अडवितो, त्याच्या मागे वासनिकाने चालावे; तेथे बोलण्याचे काही कारण नाही, चालणे पुरे आहे. पाचवे स्थान वाणी: कोणत्याही जातीचे नाव शिवी म्हणून किंवा विनोद म्हणून मुलांच्या कानांवर पडू देऊ नये. यांपैकी कशालाही द्रव्य लागत नाही, विद्वत्ता लागत नाही. लागते ती एवढीच तयारी की, गावातील चार माणसे काही दिवस तोंड फिरवतील, ते सोसावे.

येथे गृहस्थ म्हणेल की, गावात राहावयाचे आहे; पाण्यात राहून माशांशी वैर कसे करावे? त्याला उत्तर असे की, वैर करावयास कोणी सांगितलेले नाही. श्रीगोविंदप्रभूंनी ऋद्धिपुरातील कोणाशी वैर केले नाही. ते फक्त सर्वांच्या घरी गेले. जो सर्वांच्या घरी जातो, त्याला कोणाचाही पक्ष घ्यावा लागत नाही. आणि ज्या काळात प्रत्येक माणूस कोणत्या तरी पक्षाचा मानला जातो, त्या काळात सर्वांच्या घरी जाणारा एक मनुष्य गावात असणे ही त्या गावाची मोठी मिळकत होय.

शेवटी एका शब्दाचा विचार करून हे निरूपण पुरे करू. मराठी भाषेत ‘मानभावी’ हा शब्द ढोंगी, वरवर साळसूद अशा अर्थाने रूढ झाला आहे. ज्या पंथाने मराठीला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ दिला. संस्कृतात प्रश्न करणाऱ्याला नागदेवाचार्यांनी, आपल्याला स्वामींनी मराठीतच निरूपिले असे सांगून, सामान्य वृद्ध स्त्रियांना कळेल अशाच भाषेचा आग्रह धरला. त्याच पंथाच्या नावावरून त्याच भाषेत हा शब्द पडावा, हा मोठा अन्याय आहे. विरोधकांनी तो रूढ केला, असे म्हणता येईल आणि ते खोटे नाही. परंतु शब्दाला शब्दाने उत्तर देऊन तो पुसला जात नाही. मुखाने सर्व जीवांची समता सांगणारा आणि वेशीपाशी वळणारा असा एकही भिक्षुक जोवर दिसेल, तोवर निंदकाच्या हाती पुरावा राहील. आणि ज्या दिवशी गावातील सर्वांत शेवटच्या घराची बाई दारात उभी राहून म्हणेल की, बाबा पाटलाकडे गेले तसे माझ्याकडेही आले, माझी भाकर त्यांनी त्याच झोळीत घेतली, त्या दिवशी त्या घरापुरता तरी तो शब्द खोटा ठरेल.

तेव्हा झोळी खांद्यावर घेताना साधकाने एवढेच स्मरावे की, गावात शेवटचे घर अजून शिल्लक आहे. तेथपर्यंत चालून गेल्यावाचून त्या दिवसाची भिक्षा पूर्ण झाली, असे समजू नये.